शिडीची खुंटी

वस्तीतल्या शिंप्याला सगळे कासव म्हणतात. तोही ओ देतो. तो अंगानं आडवा आहे, पण चालतो भरभर आणि कपडे सांगितलेल्या दिवशी शिवून देतो. कासव म्हणावं असं त्याच्यात काही नाही. नव्यानं राहायला आलेला माणूस हे पहिल्यांदा ऐकतो तेव्हा ओशाळतो. एखाद्याला तोंडावर असं कसं म्हणायचं? मग त्याला कळतं की बेकरीवाला छत्री आहे, दवाखान्यातल्या नर्सताई किटली आहेत, आणि दाराच्या चौकटीत डोकं आपटणारा उंच वायरमन ससा आहे. कुणी रागवत नाही. उलट कुणी नुसत्या नावानं हाक मारली तर, काही बिनसलंय का, असं विचारतात.

हे सगळं शाळेतून आलंय. पहिलीच्या वर्गातून. पहिलीच्या बाईंमुळे.

बाई बुटक्या आहेत. इतक्या, की फळ्याचा वरचा भाग त्यांनी कधी वापरलेलाच नाही. तिथं आधीच्या गुरुजींच्या हातची एखादी बेरीज अजून असेल, असं त्या स्वतःच सांगतात. आवाज खणखणीत. अक्षर असं की मुलांच्या आया वहीत बघून गिरवतात. चित्रकलेशी मात्र उभा दावा. नर्सताईंची किटली मुळात मांजर होती. बाईंनी शेपटी काढली, मुलांना ती किटलीची तोटी वाटली. बाईंनी दोन दिवस समजावलं, मग हात टेकले. त्यांचा स्वतःचा मुलगा गाजर आहे. काढलं होतं रॉकेट. मुलगा आता नोकरीला लांब असतो, फोनवर अजून 'गाजर बोलतोय' म्हणतो. बाईंचे यजमान घड्याळं दुरुस्त करतात. त्यांच्या मते बायकोनं रॉकेट काढलं असतं तर मुलगा एव्हाना चंद्रावर असता.

चित्रं आहेत खुंट्यांवर. वर्गाच्या मागच्या भिंतीला दप्तरं अडकवायच्या लाकडी खुंट्यांची रांग आहे. बाई या शाळेत नव्या होत्या तेव्हा रोज सकाळी या रांगेपाशी मारामारी व्हायची. वाचता कुणालाच येत नव्हतं, त्यामुळे नावं लिहून उपयोग नव्हता. खिडक्यांचे गज रंगवून थोडा हिरवा तेलरंग उरला होता. बाईंनी प्रत्येक खुंटीच्या वर एकेक चित्र काढलं. म्हणून कासव हिरवं, छत्री हिरवी आणि ससाही हिरवाच.

मारामारी थांबली. बाईंना तेवढंच हवं होतं. पुढचं त्यांनी केलेलं नाही.

पुढच्या वर्षी शाळा सुरू झाली. एक नवा मुलगा दाराचा कडी-कोयंडा धरून रडत होता. बाईंनी सगळे उपाय केले. तेवढ्यात दुसरीच्या वर्गातून एक गुबगुबीत पोरगा आपल्या बाईंना न विचारता उठून आला. हाच आताचा शिंपी. त्यानं रडणाऱ्याच्या पाठीवरचं दप्तर काढलं आणि कासवाच्या खुंटीला अडकवलं. म्हणाला, "ही माझी होती. आता तुझी. आता तू पण कासव." रडणारा गप्प झाला, बहुधा आश्चर्यानं. दुसऱ्या दिवशी एक छत्री आली, मग एक किटली आली. बाईंनी एकच केलं, त्यांना अडवलं नाही.

तेव्हापासून पहिल्या दिवशी प्रत्येक नव्या मुलाला आत न्यायला त्याच्या खुंटीचं जुनं माणूस येतं. आई-बाप फाटकाबाहेर थांबतात. जुनं माणूस हात धरून आत नेतं, दप्तर अडकवतं, नळ दाखवतं, संडास दाखवतं, आणि मधल्या सुट्टीत डबा उघडला का ते डोकावून बघतं. सुरुवातीला वरच्या वर्गातली मुलं यायची. ती मोठी झाली, कामाला लागली, तरी येत राहिली. आता बेकरीवाला त्या दिवशी भट्टी भावाच्या हवाली करतो. आपल्या खुंटीवर यंदा कोण, हे लोक सुट्टीतच विचारून ठेवतात. नाल्यावरच्या भिंतीवरून दोन घरांचं वाकडं होतं. दोन्ही घरांतली मुलं नेमकी छत्री निघाली. भांडण मिटलं नाही, पण आजारपणात डबे इकडून तिकडे जाऊ लागले. नर्सताई लहान किटल्यांना सुई टोचताना स्वतः डोळे मिटतात, अशी वदंता आहे. म्हणून मुलं घाबरतात, ते वेगळं.

नियम कुणी केले नाहीत, पण आहेत. एकदा कासव तो कायमचा कासव. एका माणसाला दोन चित्रं नाहीत. आणि पहिल्या दिवशी कुणाचंही दप्तर एकटं आत येत नाही. या तिसऱ्या नियमाचा बाईंना अभिमान होता. पहिलीच्या वर्गात पहिल्या दिवशी रडण्याचा आवाज येत नाही, असं त्या कुणालाही, न विचारता, सांगायच्या.

यंदा सुट्टी संपत आली तेव्हा बाई वर्गात खुंट्या पुसत होत्या. दारात एक माणूस येऊन उभा राहिला. हाताच्या केसांवर पांढऱ्या रंगाचे ठिपके. वस्तीत नुकताच राहायला आलेला रंगारी. त्याच्या मागून एक मुलगी आली. ती दारातच थांबली आणि वर्ग नजरेखालून घालू लागली.

"ही आमची मुकादम," रंगारी म्हणाला.

तो भिंत रंगवतो तेव्हा ती खाली डब्यावर बसते आणि कुठं रंग लागला नाही ते सांगते. म्हणून मुकादम. हे सांगताना तो हसला, मग त्याचा चेहरा उतरला. तीच तर पंचाईत होती. आधी राहायचे तिथं तिला शाळेत घातलं होतं. ती दारापर्यंत जायची आणि दप्तर कुठं ठेवू, असं विचारायची. तिथले म्हणायचे, ठेव कुठंही. मग ती आत जायची नाही. रोज तेच. मारून झालं नाही, कारण मारणं त्याला जमत नाही. खाऊ देऊन झालं. तिची आई दवाखान्याच्या लाँड्रीत रात्रपाळीला जाते, दिवसा तिला झोप हवी. त्यामुळे मुकादम बापाबरोबर कामावर. मागच्या महिन्यात ती त्याच्या मागोमाग शिडी चढली. त्यानं वळून पाहिलं तर ही पाठीशी.

"माझी आता हिंमत होत नाही, बाई. वर असलो की सारखा खाली बघतो. एक दिवस मीच पडेन. माझी बहीण म्हणते, माझ्याकडे पाठवून दे. तिचं घर इथून दिवसभराच्या प्रवासावर आहे." त्यानं मुलीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "पहिल्या दिवशी आत गेली तर गेली. नाही गेली तर आत्याकडे. मी ठरवलंय."

मुकादम तोवर खुंट्यांपाशी पोचली होती. हे काय, ते काय, चाललं होतं.

"हा ससा," बाई म्हणाल्या.

मुलीनं सशाकडे बराच वेळ पाहिलं. "बरं," ती म्हणाली. मग विचारलं, "माझी कुठली?"

बाईंनी मनातल्या मनात खुंट्या मोजल्या. यंदा मुलं खुंट्यांपेक्षा एकानं जास्त होती. हे त्यांच्या लक्षात आत्ता आलं. सगळ्या खुंट्या ठरल्या होत्या. पण मुलगी मान वर करून बघत होती, बाप दुसरीकडे बघत होता, आणि बाईंच्या तोंडून शब्द निघून गेला.

"तुझी नवी. उद्याच बसवते. आणि तुला हात धरून आत न्यायला माणूस येईल."

"कोण?"

"येईल."

मुलीनं हे मनात नोंदवलं असावं. कुठलं चित्र हवं, असं विचारल्यावर तिला विचार करावा लागला नाही. ती शिडी म्हणाली.

खुंटी वायरमननं ठोकून दिली. जुन्या हिरव्यासारखा हिरवा रंगारी स्वतः कालवून घेऊन आला. बाईंनी शिडी काढली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांचं चित्र बघणाऱ्यानं लगेच ओळखलं. त्यांना इतका आनंद झाला की दिवसभर माणसाचं विसरूनच गेल्या.

घरी आल्यावर आठवलं. शिडी नवी. शिडीचं जुनं माणूसच नाही.

यजमान भिंगातून एका घड्याळात बघत होते. सगळं ऐकून ते भिंग न काढताच म्हणाले, की गल्लीभर शब्द देत फिरायची सवय बरी नाही. बाईंनी त्यांनाच शिडी व्हायला सांगितलं. ते म्हणाले, मुलगा गाजर, मी शिडी, घरात आता फक्त बादली राहिली. आणि त्यांना त्या सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं होतं, ते खरं होतं.

बाई शिंप्याकडे गेल्या. त्यानं तोंडातल्या टाचण्या काढून ठेवल्या आणि मान खाली घातली. त्याचं म्हणणं असं, की बाई, जीव मागा, पण माझं कासव यंदा कालवा ओलांडून येतंय, त्याला मी शब्द दिलाय. बेकरीवाला म्हणाला, छत्री सोडून शिडी झालो तर माझ्या पोरानं उद्या काय बोध घ्यायचा. नर्सताईंनी नुसतंच नाही म्हटलं आणि बाईंचा हात धरून ठेवला. वायरमन म्हणाला, मी खुंटी ठोकली, ते पुरे नाही का. जी माणसं बाईंच्या हाताखालून गेली नव्हती, ती दोन-चारच. मुख्याध्यापिकांना त्या सकाळी फाटकावर उभं राहावं लागतं. पोस्टमनची फेरी असते. एकूण काय, ज्याला वेळ होता त्याला खुंटी होती, आणि ज्याला खुंटी नव्हती त्याला वेळ नव्हता.

शाळा उद्यावर आली. बाईंनी मनाशी ठरवलं की मुकादमला खरं सांगायचं. कसं सांगायचं ते ठरेना.

सकाळी त्या फाटकापाशी आल्या तर समोरून शिंपी येत होता. खांद्यावर घोडी. दुकानात वरच्या फळीवरचे तागे काढायला वापरतो ती, लाकडी, तीन पायऱ्यांची. तो घामाघूम होता, पण चेहरा उजळलेला.

"रात्रभर झोप नाही, बाई. एवढीशी पोर. मी शिडी," तो म्हणाला.

बाईंनी पुढे होऊन घोडीचं एक टोक धरलं. त्या काही बोलणार तेवढ्यात कोपऱ्यावरून बेकरीवाला आला. त्याच्याकडे बांबूची लांब शिडी होती, आणि तिचं मागचं टोक अजून कोपऱ्यापलीकडेच होतं. त्यानं शिंप्याला पाहिलं. शिंप्यानं त्याला पाहिलं. त्यांच्या मागे नर्सताई आल्या, हातात वॉर्डातली पांढरी पायऱ्यांची घडवंची. मग वायरमन आला लोखंडी शिडी घेऊन. ती फाटकातून आडवी जाईना आणि उभी वरच्या कमानीला अडकली. मागून आणखी दोघं-तिघं. प्रत्येकाला वाटलं होतं की हे फक्त आपल्याच मनात आलं. प्रत्येकानं गुपचूप ठरवलं होतं. प्रत्येकाला वाटलं होतं की आपली खुंटी दुसरं कुणीतरी सांभाळेल.

"तू छत्री आहेस," शिंपी म्हणाला.

"आणि तू कोण, जिराफ?" बेकरीवाला म्हणाला.

वाद रंगात आला. आधी कोण निघालं, कुणाची शिडी खरी शिडी आणि कुणाची नुसती घोडी, यावर ते आले. आणि तेव्हाच आतून आवाज आला. आधी एक, बारीक. मग दुसरा त्याच्यात मिसळला. मग वर्गच्या वर्ग.

नवी मुलं व्हरांड्यात दप्तरं पाठीला लावून उभी होती. सशाला कुणी घ्यायला आलं नव्हतं. छत्रीला कुणी आलं नव्हतं. कालवा ओलांडून आलेला मुलगा भिंतीला टेकून हुंदके देत एकच विचारत होता, माझं कासव कुठंय. ज्यांची माणसं आली होती तीही मुलं बघून बघून रडायला लागली. फाटकाबाहेर आयांनी पदर डोळ्यांना लावले. मुख्याध्यापिकांनी बाईंकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांनी हा आवाज ऐकला नव्हता.

बाई शिड्यांकडे वळल्या. त्यांचा आवाज चढला नाही, फक्त पहिलीच्या वर्गात लागतो तसा लागला.

"ओळ करा."

आणि तिथली सगळी मोठी माणसं, बेकरीवाला, नर्सताई, वायरमन, शिंपी, न बोलता ओळीत उभी राहिली. उंचीप्रमाणे. बुटका पुढे. शिड्या बाजूला धरून.

बाईंनी एकेकाला त्याच्या चित्रावर धाडलं. तू कासव, जा. तू ससा, मान खाली घालून जा, दार लहान आहे. ती माणसं शिड्या तिथंच टाकून, शरमलेल्या चेहऱ्यानं, व्हरांड्याकडे पळाली. शिंप्यानं आपलं छोटं कासव उचलूनच घेतलं. हे नियमात नाही, पण बाईंनी तिकडे पाहिलं नाही. हळूहळू एकेक आवाज बंद झाला. मुलं हात धरून आत गेली. फाटकापाशी शिड्यांचा ढीग राहिला.

ढिगाच्या पलीकडे रंगारी उभा होता. शेजारी मुकादम. दोघांनी सगळं पाहिलं होतं.

"माझं माणूस?" मुलीनं विचारलं.

बाईंना खोटं बोलता आलं नाही. त्या म्हणाल्या, आलं नाही. बरीच आली होती, पण ती दुसऱ्यांची होती. मी शब्द दिला होता तो माझा चुकला.

रंगाऱ्यानं मान हलवली. त्याला राग आलेला दिसला नाही. ठरलेलं झालं, एवढंच. तो खाली वाकला आणि मुलीच्या पाठीवरचं दप्तर काढून आपल्या खांद्याला लावू लागला. मुलीनं पट्टा सोडला नाही. ती बाईंकडे बघत होती, सुट्टीत सशाकडे पाहिलं होतं तसं.

"तुमचं चित्र कुठलं?"

"मला नाही चित्र. मी बाई आहे."

"म्हणजे तुम्ही मोकळ्याच आहात," मुकादम म्हणाली.

 बाईंना बोलावणी कमी आली नव्हती. कासवांनी विचारलं होतं, छत्र्यांनी तर एकदा वर्गात ठराव केला होता. त्या नेहमी हसून नाही म्हणायच्या. बाई एका खुंटीच्या झाल्या तर बाकीच्यांच्या कशा राहतील? हे उत्तर त्यांना इतकं पाठ होतं की आत्ताही ओठांवर आलं. समोरच्या पोरीला ते कसं लागू पडतं, ते मात्र कळेना. तिच्याकडे बाकीचे नव्हतेच.

"मला शिडीचं काही माहीत नाही," बाई म्हणाल्या. "मी आजचीच शिडी."

"मी पण आजचीच," मुकादम म्हणाली. तिनं बापाच्या खांद्यावरून दप्तर ओढून घेतलं, बाईंच्या एका हातात दिलं आणि दुसरा हात धरला.

दोघी फाटकातून आत गेल्या. मुलगी पुढे होती. वाटेत पाण्याचं डबकं आलं तिथं तिनं बाईंना वळसा घालून नेलं. वर्गाच्या दारात ती थांबली. बाईही थांबल्या.

या दारातून त्या रोज आत जात होत्या. पण इथं कुणाचा हात धरून त्या कधी उभ्या राहिल्या नव्हत्या. आत केवढी माणसं होती. सगळ्यांना आपापली जागा माहीत होती. सगळी यांच्याकडेच बघत होती. बाईंच्या छातीत धडधडायला लागलं, खरोखर, आणि त्यांनी मुलीचा हात जरा घट्ट धरला.

"काही होत नाही," मुकादम हळूच म्हणाली. "ती बघा आपली, कोपऱ्यातली. या."